सरळ केलेलं मॅगझिन

“पण उस्ताद, शेवटी टिकाऊ काय? पत्रा की पॉलिमर? एका शब्दात सांगा. मला अहवालात लिहायचंय.”

“पॉलिमर म्हणजे ते प्लास्टिक ना?”

“प्लास्टिक नाही, उस्ताद. पॉलिमर.”

“बरं, पॉलिमर. आधी बस तरी. एवढ्या लांबून जीपमधून आलायस, पाठ मोडली असेल.”

हवालदार प्रल्हाद घोलप बसला नाही.

यासीन मुजावर हे आमच्या पोलीस दलाच्या हत्यार दुरुस्ती वर्कशॉपातले मुख्य आर्मरर. मूळचे मिरजेकडचे. लहानमोठे सगळे त्यांना उस्ताद म्हणत. निवृत्तीला एक महिना उरला होता. घोलप त्यांचाच चेला. दोन वर्षं याच टेबलाशी शिकला आणि आता जंगलातल्या एका कॅम्पात हत्यारांचा प्रमुख झाला होता.

मी गणबा. वर्कशॉपात तेल, ब्रश आणि चिंध्या सांभाळायचो. त्या दुपारी खिडकीखाली चिंध्या फाडत बसलो होतो. म्हणून हे मला माहीत.

मॅगझिन म्हणजे रायफलीला खालून लावतात ती गोळ्यांची डबी. आत स्प्रिंग असते, ती गोळ्या वर ढकलते. तोंडाला दोन ओठ असतात. ते एका वेळी एकच गोळी सोडतात. ओठ जरासे फाकले की गोळी तिरकी येते, अडकते, आणि रायफल गप्प होते. मला एवढंच कळतं.

तीन आठवड्यांपूर्वी मडावी नावाच्या शिपायाची रायफल जंगलात अशीच गप्प झाली होती. तेवढ्यात त्याच्या शेजारच्या उसेंडीला गुडघ्यात गोळी लागली. मडावीनं मॅगझिन आपटलं आणि कुणाला सांगितलं नाही, असं म्हणून त्याच्यावर चौकशी बसली. नोकरी जायची वेळ आली होती. सोमवारी चौकशीत घोलपचा अहवाल वाचला जाणार होता.

“मी सगळा विचार केलाय,” घोलप म्हणाला. “मी लिहितो, पत्र्याची मॅगझिनंच वाईट. जुनी पद्धत. सगळी बदला, पॉलिमरची आणा. मडावी सुटतो. कुणाचीच चूक निघत नाही. खाली तुमची सही असली की साहेब पुढं एक प्रश्न विचारणार नाहीत.”

“कुणाचीच नाही?”

“पत्र्याची.”

“हं…”

उस्तादांनी चष्मा काढला, माझ्याकडची एक मऊ चिंधी घेतली, काचा पुसल्या, परत लावला. त्यांना घाई माहीतच नव्हती.

“आणलंयस का तुझं पॉलिमर?”

घोलपनं पिशवीतून एक काळं मॅगझिन काढलं. हौसेनं काढलं. नुकतं जन्मलेलं मूल दाखवावं तसं.

“वजन बघा. गंज नाही. पोचा येत नाही. पडलं तरी उसळी मारतं.”

“पाड.”

घोलपनं त्यात डमी गोळ्या भरल्या आणि ते छातीच्या उंचीवरून फरशीवर सोडलं. ते उसळलं. त्याला काही झालं नाही.

“बघितलंत?”

“बघितलं. आणखी एकदा.”

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. घोलप हसत होता. चौथ्यांदाही काही नाही. पाचव्यांदा ते तोंडावर पडलं, आणि बारीकसा आवाज आला. सुपारी फुटल्यासारखा.

घोलपनं ते उचललं. एका ओठाला तडा गेला होता. पांढरी रेघ लांबूनही दिसत होती. त्याचा चेहरा उतरला.

उस्तादांचा मात्र खुलला. “हे चांगलं आहे की रे!”

“उस्ताद, फुटलंय ते.”

“फुटलं. आणि लगेच सांगितलं. गणबा, याला पेढा दे.”

मी हसलो. घोलपला हसू आलं नाही.

“आता पत्र्याचं घे. त्या फळीवर शिकवणीची ठेवलीत, त्यातलं.”

घोलपनं पत्र्याचं भरलं, सोडलं. ते पहिल्याच वेळी तोंडावर आदळलं. त्यानं उचलून ओठांमध्ये मापाची पट्टी घालून पाहिली. पट्टी सैल बसली. ओठ केसभर फाकले होते.

“आता याचं काय करायचं?” उस्तादांनी विचारलं.

“नियमानं? बाद करायचं.”

“तू काय करतोस?”

आता घोलप बसला. बाह्या वर केल्या. पक्कड घेतली, लाकडाचा एक छोटा ठोकळा घेतला. एक डोळा बारीक केला, दोनदा दाबलं, एकदा हलकेच ठोकलं. अर्ध्या मिनिटाचं काम. मापाची पट्टी आता अचूक बसत होती.

“कॅम्पात मला जादूगार म्हणतात,” तो म्हणाला. “दुसरे आर्मरर फेकतात, घोलप जिवंत करतो.”

उस्तादांनी ओठांवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला.

“सुरेख. माझ्यानं आता इतकं साफ होत नाही.” हे त्यांनी मनापासून म्हटलं. त्यांना खोटं कौतुक जमत नसे. “हात देवानं दिलाय तुला.”

घोलप लाजला. जुन्या दिवसांत लाजायचा तसा.

“गणबा, फळीवरची आणखी नऊ आण. तसलीच.”

मी आणली. उस्तादांनी घोलपच्या हातातलं मॅगझिन घेतलं, त्या नऊ मॅगझिनांत ठेवलं, वर चिंध्यांचं कापड टाकलं आणि दोन्ही हात आत घालून सगळी ढवळली. पत्ते पिसावेत तशी. मग कापड काढलं.

“तुझं काढ.”

“म्हणजे?”

“आत्ता सरळ केलंस ते. काढून दे.”

घोलपनं झटकन एक उचललं. परत ठेवलं. दुसरं उचललं. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. पट्टी लावली, दहाही मापात होती. बोटानं स्प्रिंग दाबून पाहिली. ओरखडे सगळ्यांवरच होते. शिकवणीची मॅगझिनं, शंभर हातांतून गेलेली.

बराच वेळ गेला. 

“नाही कळत,” घोलप म्हणाला.

“तुझ्या हातचं आहे.”

“इतकं चांगलं झालंय, की माझं मलाच कळत नाही.” त्यानं विनोद करून पाहिला. कुणी हसलं नाही.

“गोळ्या भरून महिनाभर ठेवलं, दोन वेळा कशाला आपटलं, तर?”

“…फाकेल. एकदा वाकलेला पत्रा तिथंच परत वाकतो. तुम्हीच शिकवलंय.”

“शिकवलं होतं खरं.” उस्ताद म्हणाले. “अशी किती सरळ केलीस?”

घोलपनं पक्कड खाली ठेवली.

“चाळीस असतील… जास्तही असतील.”

“त्यांच्यावर खूण?”

“नाही.”

“कागद?”

“कागद कसा करणार, उस्ताद? कागद केला की ज्याच्या हातून पडलं त्याचा जबाब घेतात. कशाला पाडलंस, कुठं पाडलंस. पोरं घाबरतात. संध्याकाळी गिनतीच्या आधी माझ्याकडं यायची. घोलपदादा, एवढं सरळ करून द्या. मी द्यायचो. गिनती पुरी व्हायची. पोरं खूष. त्यात कुणाचं काय वाईट झ…”

तो मध्येच थांबला.

बाहेर कुणीतरी ट्रकचं चाक बदलत होतं. पान्याचा आवाज येत होता. 

“आता कुठं आहेत ती?” उस्तादांनी विचारलं.

“चारशेत मिसळलीत. ज्याच्या त्याच्या पाऊचमध्ये.”

“पोरं आज बाहेर आहेत?”

“उद्या पहाटे निघतील. चौदा जण.”

उस्तादांनी मान हलवली. त्यांनी एक मॅगझिन हातात घेतलं होतं आणि त्याच्याकडंच बघत होते.

“मडावीचं तू कधी सरळ केलं होतंस?”

“मी कुठं म्हटलं, की मडावीचं…”

उस्तादांनी मान वर केली नाही.

“पोळ्याच्या आदल्या दिवशी,” घोलप हळू आवाजात म्हणाला.

“त्यानं पाडलं होतं?”

“नाही. दुसऱ्या एकानं. तो रजेवर गेला.”

“सरळ करताना समोर कोण होतं?”

घोलपनं पक्कड उचलली, परत ठेवली. 

“मडावी होता. नुसता बघत उभा होता. दादा, तुमच्या हातात जादू आहे, म्हणाला. मी म्हटलं, घे, तुलाच देतो हे… आणि तेच त्याच्या हातात दिलं.”

“चौकशीत काय सांगतो तो?”

“काहीच नाही. मी आपटलं नाही, एवढं एकच वाक्य. साहेबांनी तीनदा विचारलं, मग कसं झालं? तो खाली बघतो. पुढं बोलतच नाही.”

“का बोलत नसेल?”

घोलपनं चपापून वर पाहिलं. 

उस्ताद उठले. टेबलाच्या कोपऱ्याला वाईस, म्हणजे वस्तू आवळून धरणारा लोखंडी शिकंजा, बसवलेला होता. त्यांनी हातातलं मॅगझिन त्याच्या जबड्यात धरलं आणि दांडा फिरवला. पत्रा करकरला. ओठ चपटे झाले. ते मॅगझिन आता कुणालाच सरळ करता आलं नसतं. त्यांनी ते डब्यात टाकलं आणि दुसरं घेतलं.

“उस्ताद!” घोलप पुढं आला. “यातली नऊ चांगली आहेत.”

“हो.”

त्यांनी दुसरंही चपटं केलं. मग तिसरं.  पाचव्याला दांडा पुरता फिरेना, तेव्हा मी उठलो. त्यांनी मला नजरेनं बसवलं. दांडा त्यांनीच फिरवला. दहाच्या दहा.

मग टेबलावरची वही ओढली आणि लिहिलं. त्यांचं अक्षर मोठं होतं, मला इथून वाचता आलं. दहा मॅगझिनं मी मोडली. कारण, त्यात एक वाईट होतं, कोणतं ते कळलं नाही. खाली पूर्ण नाव घातलं, यासीन अब्बास मुजावर, आणि तारीख.

“महिना राहिलाय तुमचा,” घोलप म्हणाला.  “उस्ताद, चौकशी लावतील तुमच्यावर.”

“लावू दे की. महिनाभर मला तरी काय काम आहे? चार माणसं भेटायला येतील, गप्पा होतील.”

“थट्टा नका करू.”

“बरं, नाही करत.”

घोलप खिडकीपाशी गेला. खिशातून अहवालाचा मसुदा काढला. चांगला टाईप केलेला होता, चार पानं. त्यानं तो उघडला, मिटला, परत उघडला.

“चारशे परत मागवायची म्हणजे महिनाभर कॅम्प बसून राहील.”

“राहील.”

“माझी हवालदाराची फीत जाईल.”

“जाईल बहुतेक.”

“पोरं काय म्हणतील मला? जादूगार म्हणायची… तोंडावर थुंकतील.”

“सगळे नाही थुंकायचे,” उस्ताद म्हणाले. “एखादा थुंकेल. उसेंडीला तेवढा हक्क आहे.”

ते त्याच्याजवळ गेले. घोलप त्यांच्याहून हातभर उंच. त्यांनी टाच उचलून त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. शिकत असताना घोलपचं बोट यंत्रात सापडलं होतं, त्या दिवशी असाच ठेवला होता. 

घोलपचे खांदे दोनदा हलले.

मग त्यानं नाक पुसलं, टेबलाशी आला आणि फोन ओढला. कॅम्पाचा नंबर लावला. पलीकडून साहेबच बोलत होते.

“साहेब, घोलप बोलतोय. उद्याचं पथक थांबवा… हो, थांबवाच. सगळी मॅगझिनं आज जमा करून घ्या, चारशेच्या चारशे… कारण?”

 मी चिंधी फाडायची थांबवली.

“कारण मी आहे, साहेब. मी सांगतो सगळं. लेखी देतो.”

पलीकडून बराच वेळ मोठ्यानं बोलणं चाललं. घोलप “हो साहेब, हो साहेब” म्हणत उभा होता. सावधानमध्ये उभा होता. शेवटी त्यानं फोन ठेवला.

घाम पुसून तो खुर्चीवर बसला. टाईप केलेली पानं बाजूला सारली. वहीतलं एक कोरं पान मागितलं. मी दिलं. पेन उघडून तो त्या पानाकडं बघत राहिला…

“उस्ताद, पहिली ओळ काय लिहू?”

उस्तादांनी फोन उचलला आणि त्याच्या हातात दिला.

“कागद थांबेल. आधी मडावीला बोलावून घे. त्याला म्हणावं, पोरा, माझं ओझं आता खाली ठेव.”