थोटकाचा मालक

बैलबाजारात, उघड्या आभाळाखाली आमचा गेनूआप्पा बिडी वढत व्हता. बैलांची तक्रार न्हवती, पर जीपगाडीतनं सायेब उतरला.

"इथं बंदी आहे. दोनशे रुपये दंड काढ!"

आप्पाच्या खिशात बैलाच्या वेसणीपुरतेच पैसे. त्यानं इचारलं, "सायेब, बिडीवर कर कोण घेतं वो?"

"सरकार!" सायेब छाती फुगवून म्हणाला.

"मग बिडीत सरकारचाबी वाटा की! माझा वाटा कवाच वढून झाला. ह्ये थोटूक जळतंय त्यो सरकारचा. दंड तिकडंच मागा."

बाजार खदाखदा हसला. सायेब भडकला, "टाक ते आधी!"

"सरकारी माल मातीत टाकू? त्येचाबी दंड लावशीला. धरा!"

गडबडीत सायबानं थोटूक धरलं. मागनं एक दलाल वरडला, "सायेब, मारा झुरका! तुमच्या हक्काचाच हाय!"