आप्पांना हवा असलेला आकडा

बाजार समितीचे सभापती जालिंदरआप्पा यांच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी घरात मूल नव्हतं. वत्सलावहिनींच्या सगळ्या तपासण्या दोन-दोनदा झाल्या आणि चांगल्या निघाल्या. शेवटी डॉक्टर हट्टालाच पेटले, तेव्हा कुठे आप्पांनी वीर्यतपासणी करून घेतली.

रिपोर्ट न्यायला ते स्वतः आले. लॅब चालवणाऱ्या मंदा खैरनारने कागद पुढे केला. शुक्राणूंची संख्या कमी होती आणि हालचालही मंद होती.

आप्पांनी कागद परत सरकवला. "ताई, हा आकडा दहापट करा. घरी आईला दाखवायचाय."

"मोजून लिहिलाय, आप्पा."

"लॅबचा परवाना कुणाच्या शब्दावर मिळाला, ते विसरू नका."

मंदाचं घर याच लॅबवर चालत होतं. पण खोटा कागद घरी गेला की वहिनींची माहेरी रवानगी ठरलेली, हेही तिला कळत होतं. तिने शांतपणे पेन उचललं.

"तुम्ही म्हणाल तेवढा लिहिते. असा रिपोर्ट चौकटीत घालून भिंतीवर टांगता येईल, आप्पा. पाळण्यात मात्र ठेवता येणार नाही."

आप्पांनी कागद पुन्हा आपल्याकडे ओढला. मग दार नीट लागलंय ना, हे पाहून त्यांनी हळूच विचारलं, "औषधं किती महिने घ्यावी लागतात?"

"ते डॉक्टर सांगतील," मंदा म्हणाली, "पण त्यांना दाखवायला हाच कागद न्यावा लागेल."

आप्पांनी तो घडी घालून खिशात ठेवला.