राहिलेली पोच

“माझ्याच पुस्तकाची पोच तेवढी का आली नाही, गुरुजी?”

दस्तगीर गुरुजी पुडक्याची सुतळी सोडवत होते. कात्री शेजारीच पडली होती, पण गाठ नखानं सोडवायची आणि सुतळीची गुंडी करून खिशात टाकायची, ही त्यांची जुनी खोड.

“आलास कधी?”

“सकाळच्या गाडीनं. मी काय विचारलं?”

“ऐकलं मी. बस की, भुजंगा. उभ्यानं भांडलं की पाय दुखतात.”

भुजंगराव डोईफोडे बसले नाहीत. पुण्याहून कंधारपर्यंत हाडं खिळखिळी करून घेत ते आले होते, ते एवढ्या एका प्रश्नासाठी.

तीस वर्षं ते एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत नव्या पुस्तकांवर लिहीत होते. माणूस आडनावाला जागतो, असं लोक म्हणत. परीक्षणाखाली त्यांचं नाव दिसलं, की लेखक हातातला चहाचा कप आधी खाली ठेवत आणि मग वाचायला घेत. त्या परीक्षणांचं जाडजूड पुस्तक यंदा निघालं. नाव ‘सालटी’. पहिली प्रत त्यांनी कुणा मंत्र्याला दिली नाही, कुणा संपादकाला दिली नाही. ती कंधारला पाठवली.

गुरुजी त्यांचे शाळेतले मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर दर्ग्याच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांनी वाचनालय काढलं. महाराष्ट्रभरातून लेखक तिथं आपलं नवं पुस्तक पाठवत आणि प्रत्येकाला गुरुजींचं पोस्टकार्ड जाई. मजकूर ठरलेला. पुस्तक पोचलं. त्यातलं अमुक वाक्य माझ्याजवळ राहिलं. आभारी आहे. बस्स. बक्षिसांची सन्मानचिन्हं माळ्यावर फेकणारे लेखकही हे कार्ड टेबलाच्या काचेखाली जपून ठेवत.

भुजंगरावांना ते कार्ड हवं होतं. दुसऱ्या कुणी पाठ थोपटली असती तर त्यांनी हात झटकला असता. पण हे कार्ड…

आणि ज्यांची त्यांनी सालटी काढली, त्या एकूण एक लेखकांकडे ते होतं! एकानं तर मुद्दाम व्हॉट्सॲपवर फोटो टाकला होता. खाली हात जोडल्याचं चित्र.

“त्या भंपक कादंबरीकाराला तुम्ही कार्ड पाठवलंत,” भुजंगराव म्हणाले. “मी दीड पानात झोपवला त्याला. मूळच्या इंग्रजी कादंबरीसकट पुरावे दिले.”

“वाचलं मी. पुरावे पक्के होते.”

“तरी आभार?”

“त्यात एक म्हातारा आहे. रेडिओ बंद पडल्यावरही रोज पुसून ठेवतो. ते इंग्रजीत नव्हतं. ते त्याचं स्वतःचं.”

“एक वाक्य! तीनशे पानांत!”

“मला एकच लागतं.”

भुजंगराव आता बसले, पण भांडायला सोयीचं पडावं म्हणून.

“गुरुजी, तुम्हाला इथं बसून कल्पना नाही. पुस्तक चकचकीत कागदात गुंडाळायचं, व्यासपीठावर रिबीन सोडायची, छातीशी धरून फोटो काढायचा. चौघे धरून उभे असतात, त्यातल्या तिघांनी पान उलटलेलं नसतं. चौथा लेखकाचा साडू. मग भाषणं. ह्या पुस्तकानं मराठी साहित्याला नवं वळण दिलं. इतकी वळणं झालीत, की गाडी जागच्या जागी गरगर फिरतेय. कुणीतरी खरं बोलायला नको?”

“हवंच.”

“मग?”

“तू खरंच बोलतोस. कधी थांबू नकोस.”

भुजंगरावांचा नेम चुकला. अंगावर येणाऱ्याशी कसं लढायचं ते त्यांना ठाऊक होतं. मान्य करणाऱ्या माणसाचं काय करायचं?

“बरं,” ते म्हणाले. “एखाद्या पुस्तकात खरोखर काहीच सापडलं नाही, तर काय लिहिता?”

“एकदा तसं झालं. मी लिहिलं, पानांना शाईचा वास फार छान येत होता.”

“म्हणजे थट्टा केलीत.”

“नाही रे. छानच होता.”

“मग मलाही तेवढंच लिहायचं!”

“हल्लीच्या छपाईला वास कुठं येतो?”

भुजंगरावांनी तोंड फिरवलं. खिडकीबाहेर कडुलिंबाखाली दर्ग्याला आलेलं एक कुटुंब शिदोरी सोडून बसलं होतं. 

“नीट वाचलंत तरी का?”

“तीनदा.”

“…आणि?”

“पहिल्याच पानावर तू लिहिलंस, मी कुणाचा शिष्य नाही, मला कुणी घडवलं नाही. ते वाचून माझी पेन्शन सरकारला परत करावी म्हटलं.”

“ते तुमच्याबद्दल नव्हतं, गुरुजी. ते त्या पुण्याच्या कंपूला उद्देशून—”

“असेल. पुढंही वाचलं. एक चूक सापडली नाही. बिनतोड लिहितोस. शोधत होतो… आभार ठेवायला बोटभर जागा कुठं सापडते का.”

“नाही सापडली?”

गुरुजींनी सुतळीची गुंडी खिशात टाकली.

हे आणि आधी सोडलेली तीन, अशा चार पुडक्यांतून चार पुस्तकं निघाली. गुरुजींनी ती भुजंगरावांपुढं सरकवली, वर चार कोरी कार्डं ठेवली.

“माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय दोन दिवस. एवढ्या पोचा तू लिही.”

“मी?”

“संध्याकाळच्या गाडीला अवकाश आहे अजून. सापडेपर्यंत वाच. सापडलं की थांब.”

“आणि खोटं लिहावं लागलं तर?”

“तुला खोटं लिहिता येत नाही, म्हणून तर सांगतोय.”

पहिली कादंबरी. पाटबंधारे खात्यातल्या एका अभियंत्याची, सहाशे पानांची. धरणात बुडालेलं गाव. भुजंगरावांनी सवयीनं पेन्सिल काढली आणि दहा पानांत सतरा ठिकाणी ती टोचली. नायक रडतो तेव्हा पाऊस पडतोच, नायिका रडते तेव्हा वीजही चमकते. ते चिडून पानं उलटत गेले. पन्नास, शंभर, दीडशे… आणि पेन्सिल थांबली.

‘नव्या गावात नळ दारात आला, तरी बायका सकाळी कळशी घेऊन जुन्या विहिरीच्या बाजूला वळायच्या आणि दोन पावलांवर थांबायच्या.’

ह्यात पाऊस नव्हता, वीज नव्हती. माणूस नकाशे काढणारा; तरी हे त्यानं पाहिलं होतं. पाहिल्याशिवाय ती दोन पावलं कुणाला सुचत नाहीत.

भुजंगरावांनी कार्ड ओढलं. वाक्य उतरवून घेतलं. ‘आभारी’ लिहिताना पेन अडखळलं.

“शाई संपली का?” गुरुजींनी विचारलं.

“नाही. चालतंय.”

दुसरं आत्मकथन. लातूरकडच्या एका बँडमास्तरचं. बालपणाचे हाल, मानसन्मानांचे फोटो, आमदारांचं शुभेच्छापत्र. भुजंगरावांच्या नाकपुड्या फुगल्या. शुभेच्छापत्रात आमदारांनी लेखकाचं नावसुद्धा चुकीचं लिहिलं होतं, आणि ते तसंच छापलं होतं! ह्यावर एक अख्खा रविवार निघाला असता.

पण चाळीसाव्या पानावर तो बँडमास्तर म्हणत होता: ‘वरातीत सगळे पुढं बघून चालतात. मी तोंड वरातीकडं करून उलटा चालायचो. म्हणून गर्दीत कोण रडतंय ते आधी मला दिसायचं.’

भुजंगरावांनी पुस्तक उताणं मांडीवर ठेवलं.

“हा मनुष्य बरा असावा,” ते पुटपुटले.

“काय म्हणालास?”

“काही नाही.”

तिसरा कवितासंग्रह. पातळ, गुलाबी मुखपृष्ठ, त्यावर मोरपीस. मोरपिसाचा भुजंगरावांना तिटकारा होता. ‘सालटी’त मोरपिसावर एक स्वतंत्र लेख होता. कवयित्री औषधाच्या दुकानात बसणारी बाई. पहिल्या वीस कवितांत चंद्र चौदा वेळा उगवला. एकविसावी अशी होती:

तू गेल्यावर
घरातला एक चहा
कमी झाला.
साखर मात्र
तेवढीच लागते.

भुजंगरावांनी ती पुन्हा वाचली. त्यांच्याही घरी आता एकच कप विसळला जायचा. ही बाई त्यांना ओळखत नव्हती, त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. औषधांच्या बाटल्यांमागं बसून तिनं हे लिहिलं आणि ते इथवर आलं…

कार्डावर ‘आभारी आहे’ हे शब्द ह्या वेळी न अडखळता उतरले. गुरुजींनी चहा मागवला होता. तो समोर निवत राहिला.

चौथं पुस्तक मुलांच्या गोष्टींचं.

“हे राहू द्या, गुरुजी. बालसाहित्याला मी हात लावत नाही.”

“का?”

“ससे, पऱ्या आणि तात्पर्य. मुलांना मूर्ख समजणाऱ्यांचा धंदा आहे तो.”

“असेल. पण बिचारीनं स्वतःच्या हातानं कव्हर घातलंय बघ. वर्तमानपत्राचं.”

भुजंगरावांनी पाहिलं. कव्हर त्यांच्याच रविवार पुरवणीचं होतं. अंगणवाडीत शिकवणाऱ्या कुणा बाईनं, पोस्टात मळू नये म्हणून, घातलेलं. त्यावर भुजंगरावांचंच नाव घडीत आडवं मुडपलं गेलं होतं.

त्यांनी ते उघडलं. पहिली गोष्ट एका शेळीची.

शेळीनं दत्तूचं भूगोलाचं पुस्तक खाल्लं. पुस्तक गेलं म्हणून दत्तूनं शेळीलाच शाळेत नेलं. बाईंनी विचारलं, सांग, गोदावरी कुठं उगम पावते? शेळी बराच वेळ रवंथ करत राहिली आणि म्हणाली, बाई, ते पान जरा खारट होतं. बरं, मग वाळवंटाबद्दल सांग. वाळवंट अजून वर आलेलं नाही, बाई. उद्या सांगते.

आधी भुजंगरावांचं पोट हललं. मग खांदे. मग खोलीत एक मोठा, फुटका, खदखदता आवाज झाला. रॅकवरचं कबुतर उडालं. कडुलिंबाखालच्या माणसांनी वळून पाहिलं. हा आवाज कुणाचा, म्हणून भुजंगरावांनी स्वतःच दाराकडं पाहिलं.

गुरुजींनी मान वर केली नाही.

“डोईफोडे, वर्गाबाहेर उभा राहा.”

सातवीत हे वाक्य त्यांनी जवळजवळ रोज ऐकलं होतं. तेव्हा हसणं आवरायचंच नाही. त्यानंतर ते कधी आवरलं, ते काही केल्या आठवेना.

ते खरोखरच उठून बाहेर जाऊन उभे राहिले. कडुलिंबाखालच्या बाईनं त्यांना मलिद्याचा लाडू पुढं केला. त्यांनी तो घेतला, खाल्ला, हात रुमालाला पुसले. आत आले. चौथं कार्ड घेऊन एका दमात लिहिलं:

‘पुस्तक पोचलं. शेळीचं “ते पान जरा खारट होतं” हे माझ्याजवळ राहिलं. आज मी मोठ्यानं हसलो आणि ते हसणं माझंच आहे हे मला आधी ओळखूच आलं नाही. आभारी आहे.’

गुरुजींनी कार्डं घेतली. चष्मा कपाळावर चढवून, एकेक डोळ्याजवळ नेऊन वाचली. चौथ्यापाशी जरा जास्त वेळ लागला. डोळे पुसले. पाणी दोन दिवस येतच होतं…

“जमलंय?” भुजंगरावांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी ह्याआधी कुणाला विचारला असेल, तर तो ह्याच माणसाला, फळ्यापाशी उभं राहून.

“टपाल निघायच्या आत टाक. जाताना वाटेत पेटी लागते.”

भुजंगराव पिशवी खांद्याला लावून उठले. दारापर्यंत गेले. पोचेचा विषय पुन्हा काढायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. गाडीचीही वेळ होत आली होती.

“थांब. हे एक राहिलं.”

गुरुजींनी खणातून पाचवं कार्ड काढलं होतं. ते डोळ्यांजवळ धरून ते लिहीत होते. लिहून झालं तशी त्यांनी शाईवर फुंकर घातली आणि कार्ड पुढं केलं.

“तू आलाच आहेस, तर पोस्टाला कशाला त्रास?”

भुजंगरावांनी ते दारातल्या उजेडात धरलं.

‘आपलं “सालटी” हे पुस्तक पोचलं. त्यातलं एक वाक्य माझ्याजवळ राहिलं: “आज मी मोठ्यानं हसलो आणि ते हसणं माझंच आहे हे मला आधी ओळखूच आलं नाही.” आभारी आहे. दस्तगीर.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. तीस वर्षांची सवय; चुकीचं काही दिसलं की गप्प बसवत नसे, मग ते स्वतःच्या फायद्याचं का असेना.

“गुरुजी… हे वाक्य ‘सालटी’त नाही.”

गुरुजी पेनाला टोपण लावत होते.

“म्हणून तर पोच द्यायला उशीर झाला.”