आचार्यांचा पुढचा प्रश्न

कंकावती नगरीत धृतिवर्मा नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने एका वैद्यकुळात जन्म घेतला. वयात आल्यावर तो नगराबाहेरच्या आमराईत शिष्यांना वैद्यक शिकवू लागला.

त्याची रीत इतर आचार्यांहून वेगळी होती. हिरड्याचा पाठ झाला की तो आधी साधेच विचारी, हिरडा कोणत्या विकारावर देतात? याचे उत्तर सगळ्यांना येई. मग विचारी, त्याने कोठा साफ होतो तो कशामुळे? येथे बरेच शिष्य खाली बघत. मग, समोर अशक्त म्हातारा असेल किंवा पोटुशी बाई असेल, तरी तोच हिरडा द्याल का? आणि सर्वांत शेवटी, दिलेले औषध चुकले हे तुम्हाला कशावरून समजेल? या प्रश्नापाशी कधी कधी सारी सकाळ निघून जाई. बोधिसत्त्व उत्तर सांगत नसे. तो वाट पाहत बसे.

मेधंकर नावाच्या शिष्याला हे आवडत नसे. एकदा ऐकलेले सूत्र तो कधी विसरत नसे, आणि मंद शिष्यांसाठी थांबून राहणे त्याला शिक्षेसारखे वाटे. त्या शेवटच्या प्रश्नावर तो एकदा म्हणाला, "आचार्य, पाठ शुद्ध असेल तर औषध चुकेलच कसे?"

बोधिसत्त्वाने त्याला याच गोष्टीचा विचार करून यायला सांगितले. मेधंकराने विचार केला नाही.

पुढे राजाने राजवैद्य निवडण्यासाठी सभा बोलावली. ज्वरावर काय उपाय, असे विचारताच आमराईतल्या इतर शिष्यांनी उलट विचारले की ज्वर कसला, आणि रोगी कोण. सभा हसली. मेधंकराने मात्र सगळे सूत्र एका दमात म्हणून दाखवले. ज्वरात लंघन करवावे, तो उतरेपर्यंत पोटात अन्न जाऊ देऊ नये, पाणीही देऊ नये. राजा प्रसन्न झाला. मेधंकर राजवैद्य झाला.

राजाने बोधिसत्त्वालाही बोलावून घेतले आणि सांगितले की, असेच पाठ करवून घ्या, मी तुमच्या विद्यालयाला गावे इनाम देतो. बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, रोग पाठाबरहुकूम येत नाही. मला हे जमणार नाही." राजाला तो आपला अपमान वाटला. त्याने आमराई काढून घेतली. शिष्य पांगले. बोधिसत्त्व नदीपलीकडे एका झोपडीत राहू लागला. कोणी शिकायला आले तर तो शिकवी, पण फारसे कोणी येत नसे.

काही वर्षांनी उन्हाळ्यात नगरात साथ आली. अंगात ताप, आणि त्याबरोबर सारखे जुलाब. मेधंकराच्या आज्ञेने घरोघरी लंघन सुरू झाले. वैद्य दारात बसून राहत आणि रोग्याला पाणी पिऊ देत नसत. माणसे सुकत गेली, डोळे खोल गेले, आणि ती मरू लागली. मेधंकराने नियम आणखी कडक केला. मग त्याची पत्नी सुनेत्रा आजारी पडली. ती पाणी मागत राहिली. पुढे आवाज गेला, तेव्हा ती नुसते ओठ हलवी. भरलेला माठ त्या खोलीतच होता. मेधंकराने तिला पाणी दिले नाही.

तिला अग्नी देऊन तो तसाच नदीपलीकडे गेला. बोधिसत्त्वाने त्याला बसवले. सगळे ऐकून घेतल्यावर त्याने विचारले, "तू काय केलेस?"

"लंघन करविले."

"लंघन कशासाठी सांगितले आहे?"

"पोटात न पचलेले अन्न साठून राहते. ते जिरावे म्हणून."

"या रोग्यांच्या पोटात काय साठले होते?"

 मेधंकर हळूच म्हणाला, "काही नाही. सगळे वाहून गेले होते."

"ज्यांच्याकडे वैद्य गेला नाही, त्यांचे काय झाले?"

हे मेधंकराला ठाऊक नव्हते. बोधिसत्त्वाने त्याला बघून यायला सांगितले. नगराच्या कडेला कुंभारांची वस्ती होती, तिकडे एकही वैद्य फिरकला नव्हता. तेथेही माणसे दगावली होती, पण बरीचशी उठून बसली होती. एक बाई आपल्या सासूला मीठ घातलेली भाताची पेज पाजत होती. तिने सांगितले की, मागतील तेवढे पाणी आणि पेज आम्ही देत गेलो, दुसरे आमच्यापाशी होते काय? मेधंकर तिच्या उंबऱ्यावर बसला.

त्याच दिवशी त्याने स्वतःची आज्ञा मागे घेतली. घरोघरी पाणी आणि पेज जाऊ लागली. साथ ओसरली, पण तोवर नगरातली कितीतरी घरे ओस पडली होती. राजाने आमराई परत केली. बोधिसत्त्व पुन्हा शिकवू लागला, आणि मेधंकर राजवैद्यपद सोडून शिष्यांत मागे येऊन बसला.

एके दिवशी पाठ संपल्यावर तो एकटाच थांबला. म्हणाला, "आचार्य, मी तिला पाणी दिले असते तर ती वाचली असती का?"

"मला माहीत नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "वाचली असती असे म्हणालो, तर तू खचशील. नसती वाचली म्हणालो, तर तू पुन्हा निर्धास्त होशील. मेधंकरा, हा प्रश्न तुझ्याजवळच राहू दे."

मेधंकराने मान खाली घातली. तो प्रश्न त्याच्याजवळ जन्मभर राहिला.

ही पूर्वजन्मीची कथा शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, विहारात जमलेल्या भिक्षूंना सांगत होते. शेवटी ते म्हणाले, "भिक्षूहो, तेव्हाचा धृतिवर्मा राजा म्हणजे या विहाराला दान देणारा श्रेष्ठी नंदिसेन. पेज पाजणारी ती बाई आज भिक्षुणी संघात आहे. सूत्रे घडाघडा म्हणणारा आणि शंका विचारणाऱ्या नवशिक्या श्रामणेरांना गप्प करणारा आपला खेमधर भिक्षू, तोच मेधंकर. आणि आमराईतला आचार्य मी होतो. त्या जन्मी मी प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची परिपूर्णता, आचरली."

खेमधर सभेतच बसला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि का, ते त्याला स्वतःला सांगता आले नसते.