ताटाची डावी बाजू

पॅरिसच्या त्या उंची हॉटेलात परातीएवढ्या ताटलीच्या मधोमध सुपारीएवढा मासा आला. आपल्याला फार कळतं अशा थाटात मी डोळे मिटून "वा!" म्हणालो. उघडले, तर बायकोने, कुमुदने, पर्समधली लसणीची चटणी ताटलीत वाढून घेतलेली!

शेफ तणतणत आला. "मॅडम, माझ्या पदार्थात बाहेरचं काही घातलेलं मला चालत नाही!"

ही बाई माझी कोणीच नाही, असा चेहरा करून मी छत न्याहाळू लागलो.

कुमुद शांतपणे म्हणाली, "तुमच्या पदार्थाला मी अजून हातही लावलेला नाही. पण डावी बाजू तुम्ही रिकामीच ठेवलीत. आमच्याकडे तिथे चटणी पडल्याशिवाय पान वाढून झालं असं म्हणत नाहीत. तुमचं राहिलेलं काम मी पूर्ण केलं."

मी निमूटपणे माझ्या ताटलीची डावी बाजू तिच्यापुढे केली.