गुंज्याची जागा

बसलात का मांडी घालून? पाय आत घ्या. गाडी यायची आहे!

मिरजेला दिगूमामाच्या घरी एक मोठ्ठं टेबल होतं. टेबलावर रूळ. रुळावर खेळातली मालगाडी. पुढे इंजिन. मागे डबे, डबे, डबे. आणि सगळ्यांच्या मागे गुंज्या.

गुंज्या म्हणजे गार्डाचा डबा. लाल लाल. इवलासा.

एकदा काय झालं, मामाने गुंज्याला गाडीतून सोडवलं. खटक! चाकाला तेल घातलं. टिप! बाजूच्या रुळावर ठेवलं. आणि विसरला!

मामाचं विसरणं काय सांगावं! चष्मा कपाळावर, आणि शोधतो उशीखाली. गुंज्याच्या जागी त्याने दुसराच डबा जोडला. कोळशाचा काळू.

गुंज्या राहिला एकटा. पुढे कुणी नाही. शेजारी कुणी नाही. त्याला रडूच आलं.

गुडुगुडु, गुडुगुडु. गुंज्या गेला काळूकडे.

"काळू काळू, माझी जागा दे ना!"

"देतो की रे! माझा कोळसा इथेच उतरायचाय. पण डब्याला डबा जोडणारा आकडा कुठे सोडतोय? आकडा सुटल्याशिवाय मी नाही हलणार."

रूळ लांब. गुंज्या लहान. सोबत कुणी नाही.

गुडुगुडु, गुडुगुडु. गुंज्या गेला आकड्याकडे.

"आकड्या आकड्या, सूट ना!
काळू हलेना,
माझी जागा मिळेना!"

"कसा सुटू? गाडीने मला ओढून धरलंय. घट्ट! इंजिन जरा मागे आलं, की मी ढिला. इंजिन सरल्याशिवाय मी नाही सुटणार."

रूळ लांब. गुंज्या लहान. सोबत कुणी नाही.

गुडुगुडु, गुडुगुडु. गुंज्या गेला इंजिनाकडे.

"इंजिनदादा, मागे सर ना!
आकडा सुटेना,
काळू हलेना,
माझी जागा मिळेना!"

"फुस्स! सिग्नल पडल्याशिवाय मी नाही सरणार."

रूळ लांब. गुंज्या लहान. सोबत कुणी नाही.

गुडुगुडु, गुडुगुडु. गुंज्या गेला सिग्नलकडे.

"सिग्नलकाका, हात खाली पाडा ना!
इंजिन सरेना,
आकडा सुटेना,
काळू हलेना,
माझी जागा मिळेना!"

"बटण दबल्याशिवाय मी नाही पाडणार."

रूळ लांब. गुंज्या लहान. सोबत कुणी नाही.

गुडुगुडु, गुडुगुडु. गुंज्या गेला बटणाकडे.

"बटणा बटणा, दब ना!
सिग्नल पडेना,
इंजिन सरेना,
आकडा सुटेना,
काळू हलेना,
माझी जागा मिळेना!"

"मुक्ताने दाबल्याशिवाय मी नाही दबणार."

मुक्ता म्हणजे मामाची भाची. टेबलाच्या कडेशी बसलेली. हनुवटी टेबलावर, बोट बटणापाशी.

"मुक्ताताई, दाब ना!
बटण दबेना,
सिग्नल पडेना,
इंजिन सरेना,
आकडा सुटेना,
काळू हलेना,
माझी जागा मिळेना!"

"नाही बाई! मामा रागावतो. मामा बोलल्याशिवाय मी नाही दाबणार."

रूळ लांब. गुंज्या लहान. सोबत कुणी नाही.

गुडुगुडु, गुडुगुडु. गुंज्या गेला मामाकडे. मामा चहा पीत होता. फुर्र, फुर्र.

"दिगूमामा, बोला ना!
मुक्ता दाबेना,
बटण दबेना,
सिग्नल पडेना,
इंजिन सरेना,
आकडा सुटेना,
काळू हलेना,
माझी जागा मिळेना!"

मामाने गाडीकडे पाहिलं. "गाडी तर भरली की रे! मला काही कमी दिसत नाही."

काही कमी दिसत नाही!

इतकं वाईट गुंज्याला कधीच वाटलं नव्हतं. तो हळूच वळला. मामाकडे पाठ केली. गुडु... गुडु... निघाला एकटाच.

गुंज्याच्या पाठीवर होती फुली. पिवळी पिवळी. अशी फुली फक्त शेवटच्या डब्यावर असते. फुली दिसली, की गाडी पुरी. फुली नाही, तर गाडी अर्धी!

मामाच्या हातातला चहा हातातच राहिला.

"अरे अरे अरे! गुंज्या, थांब रे राजा! तुझ्यावाचून गाडी अर्धीच की! चुकलंच माझं. मुक्ता, दाब गं!"

मग काय!
मामा बोलला.
मुक्ताने दाबलं.
बटण दबलं. टिक!
सिग्नल पडला. खाड!
इंजिन सरलं. फुस्स!
आकडा ढिला झाला आणि सुटला. खटक!
काळू हलला. गेला घरंगळत, आणि कोळशाच्या ढिगापाशी झोपला.

जागा मोकळी झाली! गुडुगुडुगुडुगुडु! गुंज्या धावला.

खटक! आकड्यात आकडा.

आता निघायचं ना? पण गाडी हलेना!

गुंज्या घाबरला. "इंजिनदादा, आता काय राहिलं?"

"फुस्स! गार्ड कोण? तू ना? मग तू 'निघ' म्हटल्याशिवाय मी नाही निघणार."

सगळे डबे थांबले. मुक्ता थांबली. मामा थांबला. सगळे गुंज्याकडे बघू लागले.

गुंज्याने मोठ्ठा श्वास घेतला.

"निघ!"