न आलेलं गिऱ्हाईक

“विश्वास ठेवायचा तर कुणावर ठेवायचा, बाबा? लांबच्या सरकारवर, की जवळच्या गावावर?”

दाजीशेट खातूंनी पायरीवर टेकायच्या आधीच विचारलं. चपला अजून पायांतच होत्या.

नूरशाबाबा सुपात तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आधी चपला काढ.”

खाडीच्या तोंडाशी पिराची टेकडी. तिथं हा म्हातारा फकीर एकटा राहायचा. दाजीशेट खालच्या खारवणे गावातले एकुलते एक दुकानदार. मीठ, तेल, साखर, चहापूड, जाळ्याची दोरी, जे लागेल ते त्यांच्याकडे. शाळा चौथीपर्यंत, पण बोलणं असं की वकिलानं टिपून घ्यावं. हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं. आपला माल चांगला आहे हे एकदा कळलं की दुकानदार भाव सोडत नाही, तसं त्यांचं झालं होतं.

चपला काढून ते बसले. चहासाखरेचा पुडा पुढे सरकवला.

“उद्या तालुक्याचा साहेब येतोय. चौकशीला.”

“कसली?”

“यशवंत डोर्लेकरानं वर अर्ज केलाय. गावानं आपल्याला वाळीत टाकलं म्हणून.”

“टाकलंय ना?”

दाजीशेट इकडेतिकडे बघत हसले.

“तुम्ही पण ना, बाबा…”

आता हे वाळीत टाकणं कुठून आलं, ते सांगायला हवं. त्यात दाजीशेटांचाही हात होता, आणि सुरुवातीला तो चांगल्या कामाला लागला होता.

पूर्वी खाडी सरकारची होती. सरकारनं वाळू उपशाचा ठेका बाहेरच्या एका माणसाला दिला. त्याच्या यंत्रांनी तळ इतका खरवडला की मासळी यायची बंद झाली. तेव्हा गाव उठलं. पुढे होते गावकीचे प्रमुख आप्पा राऊळ, आणि आप्पांच्या शेजारी, अर्ज लिहायला आणि साहेबांसमोर बोलायला, दाजीशेट. “आमची खाडी आम्हाला कळते. मुंबईत बसलेल्याला भरती-ओहोटी काय कळणार?” हे वाक्य त्यांचंच. ते पार मंत्र्यापर्यंत गेलं. ठेका रद्द झाला. खाडीचा निर्णय गावानं करावा, असं ठरलं.

गावानं केलाही. मासळी अंडी घालते त्या दिवसांत कुणी जाळं टाकायचं नाही, असा नियम झाला. सगळ्यांनी पाळला. मासळी परत आली. यशवंतही त्यात होता. रात्रभर होडी घेऊन राखण करणाऱ्यांत तो पहिला.

मग दुसरा नियम झाला. मासळी गावकीनं ठरवलेल्या व्यापाऱ्यालाच विकायची.

तो व्यापारी आप्पांचा मेव्हणा निघाला.

यशवंत देवळातल्या बैठकीत उभा राहून म्हणाला, “खाडी गावाची, कबूल. पण होडी माझी, जाळं माझं, अंग माझं भिजतंय. मासळी विकायची कुठं, ते मी ठरवणार.”

आप्पा म्हणाले, “खाडी गावाची तर मासळीही गावाची. काय हो दाजीशेट?”

सगळा जन्म दुकानात घालवलेला हा माणूस. आपला माल आपण म्हणू तिथं विकायचा, याच्या पलीकडे त्यानं दुसरा देव मानला नव्हता. त्यानं आप्पांच्या तोंडाकडे बघितलं आणि मान हलवली. कशी हलवली ते ज्याला जसं हवं तसं समजावं, इतपतच. आप्पांनी ती ‘हो’ अशी धरली.

यशवंतानं मासळी तालुक्याच्या बाजारात नेऊन विकली. आठवडा उलटायच्या आत त्याच्या घराशी बोलणं बंद झालं. गिरणीवाला दळण घेईना. आणि दुकान…

“तुझ्या दुकानात काय झालं?” तांदूळ निवडता निवडता बाबांनी विचारलं.

“तेच तर सांगायला आलोय. अनुसया, त्याची बायको, मिठाला आली होती. आप्पा फळीवर बसलेले. मी म्हटलं, मीठ संपलंय.”

“संपलं होतं?”

“पोती तिच्या डोळ्यांसमोर होती, बाबा.”

“मग?”

“पोत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गेली. परत आली नाही.”

दाजीशेट थोडे पुढे सरकले. आवाज खाली आणला, एखाद्या खास गिऱ्हाइकाला आतला माल दाखवावा तसा.

“आता ऐका. साहेब मला विचारणार, तुम्ही डोर्लेकरांना माल देत नाही हे खरं का? हो म्हटलं तर आप्पा दुकानाला टाळं लावतील. नाही म्हटलं तर खोटं होतं. या वयात खोटं बोलायचं नाही मला. म्हणून मी एक वाक्य तयार केलंय.”

“बोल.”

“‘साहेब, ती बाई त्यानंतर माझ्या दुकानात आलीच नाही.’”

दाजीशेट वाट बघत राहिले.

“यात खोटं काय आहे, सांगा. एक अक्षर खोटं नाही. ‘त्यानंतर’ गाळलं तरी चालेल.”

बाबांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर फेकला.

“तुमचा आशीर्वाद हवा होता… त्या वाक्याला.”

बाबा उठले. झोपडीच्या दाराशी त्यांची काथ्याची बाज होती.

“त्या बाजेनं आत ओल धरली आहे. तेवढी उन्हात टाक.”

दाजीशेटांना बरं वाटलं. काम सांगितलं म्हणजे सौदा जमत आला, असा त्यांचा अनुभव. त्यांनी धोतर खोचलं आणि बाज एका बाजूनं उचलली. दुसरी बाजू जमिनीला घासत राहिली. अंगणात येईतो दम लागला. तिथल्या दगडाला बाज अडकली, कलंडली, त्यावरची बाबांची गोधडी मातीत पडली.

“बाबा, एक टोक धरा की!”

बाबा दाराशी हात मागे बांधून उभे होते.

“गावकीला विचारलंस?”

“काय?”

“मी टोक धरू का ते.”

दाजीशेट बाज तशीच तिरकी धरून उभे राहिले.

गेल्या महिन्यात यशवंताचा बाप वारला होता. तिरडीला खांदा द्यायला गावातून कुणी आलं नाही. एका टोकाला यशवंत, एकाला अनुसया पदर खोचून, एकाला हा टेकडीवरचा फकीर. चौथं टोक रिकामं. शेवटी तिरडी होडीत घातली आणि पाण्यानं मसणवटीत नेली. होडी दाजीशेटांच्या परसामागून गेली. त्यांनी मागचं दार लोटून घेतलं होतं, पण फटीतून दिसायचं ते दिसलं.

“…तुम्ही मला बोलताय, बाबा.”

“मी बाजेचं बोलतोय. खाली ठेव, हात दुखेल.”

त्यांनी बाज खाली ठेवली.

“बाबा, मी एकटा काय करणार? माझ्या एकट्याच्या हो-नाहीनं…”

“खाडीच्या वेळी साहेबांसमोर किती जण बोलला होतात?”

“मीच बोललो होतो.”

बाबा परत सुपाशी बसले. तांदूळ निवडू लागले. दाजीशेट बराच वेळ थांबले. आशीर्वाद काही मिळाला नाही. नाही असंही बाबा म्हणाले नाहीत. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही म्हणत नाही, तो खपलाच असं दाजीशेट धरून चालत. तसंच धरून ते टेकडी उतरले.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. चौकशी कुठं करायची, असं त्यानं विचारलं. आप्पा म्हणाले, देवळात सावली आहे. तर चौकशी देवळात बसली, जिथं वाळीत टाकलं होतं तिथंच. कोकमाचं सरबत आप्पांनी स्वतःच्या हातानं साहेबाला दिलं.

“कायदा तुमच्या पाठीशी आहे,” साहेब यशवंताला म्हणाला. “न घाबरता बोला.”

यशवंत बोलला. सगळं बोलला. भोवती उभं असलेलं गाव ऐकत होतं.

“याला साक्षीदार?”

कुणी हललं नाही.

गिरणीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, गिरणी नादुरुस्त होती. मग साहेबानं नाव वाचलं, “खातू, दुकानदार.”

दाजीशेट उठले. अनुसया खांबाला टेकून उभी होती. तिनं त्यांच्याकडे बघितलं. पोत्याकडे बघितलं होतं तसंच.

“तुम्ही यांना माल नाकारता, हे खरं आहे?”

“साहेब… ती बाई माझ्या दुकानात आलीच नाही.”

वाक्य सरळ बाहेर पडलं. कुठं अडलं नाही. साहेबानं ते लिहून घेतलं आणि पेनाचं टोपण लावलं.

“गावात एकोप्यानं राहा,” जाताना तो दोन्ही बाजूंना म्हणाला.

नवा महिना लागायच्या आत डोर्लेकरांनी होडी भरली. भांडी, जाळी, कोंबड्यांची टोपली, दोन मुलं. दाराला कुलूप लावलं नाही. नियम मोडून रात्री जाळं टाकणाऱ्यांवर नजर ठेवणारा तो पहिला माणूस गेला, आणि खाडीत त्याचा काही आवाज झाला नाही.

त्याच आठवड्यात नूरशाबाबा दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. ते खाली कधी येत नसत. त्यांचा माल टेकडीखालचा गुराखी घेऊन जाई.

“या, या, बाबा! आज आमच्या घरी पाय लागले. बसा. अहो, फळीवर बसा, तुमचीच आहे.”

बाबा उभेच राहिले.

“मीठ दे. अर्धा किलो.”

“अर्धा? दर खेपेला दोन किलो जातंय तुमचं.”

“आता एकाच चुलीला लागतं.”

दाजीशेटांचा हात पोत्यात थांबला. मग त्यांचा चेहरा उजळला. कित्येक दिवस मनात ठेवलेला माल एकदाचा मांडायला मिळाला.

“बाबा, मला ठाऊक होतं! एकटा फकीर दोन किलो मीठ खातो का? ते कुणाच्या घरी जातंय, हे मला पहिल्या खेपेपासून ठाऊक होतं. पण मी विचारलं नाही, अडवलं नाही. उलट वरून मूठभर जास्तच घातलं. म्हणजे मीठ मी दिलंच की त्यांना! गावकीचाही शब्द राहिला आणि त्यांचंही अडलं नाही. एवढं तरी माझ्या नावावर धरा.”

“मग हेच साहेबाला का नाही सांगितलंस?”

“…दुकान गेलं असतं, बाबा.”

“राहिलं ना?”

दाजीशेट मीठ तोलायला लागले. पारडं जागेवर येईना. थोडं काढलं, थोडं घातलं.

“आज सकाळी आप्पा आले होते,” ते मान खाली घालून म्हणाले. “दुकानाचा माल यापुढे त्यांच्या मेव्हण्याकडूनच घ्यायचा म्हणतात. गावकीत ठरलंय. तो देईल तो माल, सांगेल तो भाव.”

“तू काय म्हणालास?”

“काय म्हणणार? मान हलवली.”

“कशी?”

दाजीशेटांनी मीठ पुड्यात ओतलं आणि वरून एक मूठ टाकली. बाहेर वाटेनं दोघं जण आले, दुकानाकडे बघितलं, आत आप्पा नाहीत असं बघून थांबले, आणि तरी, या वेळी आप्पांनी ती मान कशी धरली ते कळेपर्यंत नको, म्हणून पुढे निघून गेले.

“वर अर्ज करायचा म्हटलं तरी चौकशी त्याच देवळात बसणार. साक्षीला कोण येणार, बाबा? कोण उभं राहणार माझ्या बाजूनं?” त्यांनी पुडा पुढे सरकवला. “म्हणून म्हणतो, तुम्हीच सांगा. विश्वास ठेवायचा तर कुणावर? तिकडं साहेब लिहून घेऊन जातो. इकडं गाव तोंडावर हसतं. माणसानं जायचं कुठं?”

बाबांनी मिठाचा पुडा हातात घेतला. वरून टाकलेली मूठ त्यांनी पुड्यातून काढली आणि पारड्यात परत ठेवली.

“हिशेब नीट ठेव, शेट. आलेलं गिऱ्हाईक तू लिहितोसच… न आलेलंही लिहीत जा.”